हिरवी पाचर

फिटर डोळे मिटून बसला होता आणि मिटलेल्या डोळ्यांमागे चार नंबरचा प्रेस चालू होता.

मी देह नाही. धाड्. मी मन नाही. धाड्. मी या सगळ्याचा नुसता साक्षी. धाड्.

हा प्रेस म्हणजे टनभर लोखंड. ते वरून खाली येतं आणि खाली ठेवलेल्या पत्र्याची एका फटक्यात बिजागरी होते. एकवीस दिवसांपूर्वी त्या लोखंडाखाली पत्र्याबरोबर फिटरच्या साडूचीही तीन बोटं होती. उजव्या हाताची. साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, आणि चार नंबरचा ऑपरेटर. प्रेस चालवायचं काम त्याचं, तो बिघडला की दुरुस्त करायचं काम फिटरचं. दोघं एकाच खात्यात बारा वर्षं. मशीनच्या गोंगाटात साडू लांबून ओरडायचा, "ए साल्या, पाना आण!" आणि फिटर तितक्याच जोरात उत्तर द्यायचा, "साला नव्हे, साडू!" बारा वर्षं तोच विनोद, आणि बारा वर्षं दोघं त्याला हसत आले. गेले एकवीस दिवस खात्यात कोणी कोणाला साल्या म्हटलं नव्हतं.

"अहो, चहा." बायकोने कप ठेवला नाही, आपटला. "आज उठायचं आहे, की आत्म्यातच मुक्काम?"

"मन शांत करतोय."

"करा, करा. जमलं तर माझंही करून टाका. दोघांचं एकदम केलं की सोपं पडेल."

फिटरने डोळे उघडले नाहीत. चौदा महिने तो सायकलच्या दुकानावरच्या हॉलमध्ये बाईंना ऐकायला जात होता. बाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. संध्याकाळी दहा-बारा लोक जमत, बाई खडू घेऊन फळ्यावर लिहीत: जे जे दिसतं ते ते तू नाहीस. हात दिसतो, तू हात नाहीस. राग येताना दिसतो, जाताना दिसतो, तू राग नाहीस. मग उरतो तो कोण? सुरुवातीला फिटरला या गोष्टीने खरंच हलवलं होतं. पण गेले एकवीस दिवस तो ती गोळीसारखी घेत होता. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक. अद्वैत भेकडाच्या हाती पडलं की त्याचं पांघरूण होतं. डोक्यावरून ओढायचं आणि म्हणायचं, जग मिथ्या आहे. जग पांघरुणाबाहेर उभं राहून घंटी वाजवत असतं.

घंटी वाजली. धाकटी आली होती.

ती बसली नाही. दारातच उभी राहून बोलली. "दाजी, उद्या अकरा वाजता चौकशी आहे. कंपनीने लेखी दिलंय, पाचर ह्यांनीच बसवली म्हणून. जास्त माल काढायचा म्हणून स्वतःच बटण अडकवलं आणि स्वतःच्या चुकीने बोटं घालवली. म्हणजे बोटं गेली ती गेली, आता नोकरीही जाणार. वर नाव काय, तर बेफिकीर माणूस. बेफिकीर! घरातला गॅस तीनदा बघून झोपणारा माणूस."

"बस तरी," बायको म्हणाली.

"बसायला आले नाही, ताई. दाजी, तुम्ही त्या खात्यात असता. आठही मशीनवर पाचरी होत्या, हे तुम्ही बघितलंय. तेवढं सांगा. साक्षीदार म्हणून तुमचं नाव दिलंय ह्यांनी."

फिटरने घसा साफ केला. जे बोलू नये नेमकं तेच बोलला. "हे बघ, शांतपणे घे. खरं पाहिलं तर कोणी काही करत नसतं. घडतं. कर्ता कोणीच नाही. आपण सगळे नुसते साक्षी."

 मग बायको, जिने चौदा महिन्यांत त्या हॉलची पायरी चढली नव्हती, कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "साक्षी आहात ना? मग साक्ष द्या की!"

धाकटी दाराकडे वळली. "ह्यांना अजून शर्टाचं बटण लावता येत नाही, दाजी. तेही नुसतं घडतंय का, ते तुमच्या बाईंना विचारून ठेवा."

ती गेली. चहावर साय धरली.

आता त्या दोघी बहिणींना जे माहीत नव्हतं, ते सांगितलं पाहिजे. त्या प्रेसला दोन बटणं असतात, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबली तरच लोखंड खाली येतं. ज्याने कोणी ही सोय काढली तो शहाणा. दोन्ही हात बटणांवर असले की एकही हात लोखंडाखाली नसतो. पण पत्रा ठेवायचा, दोन्ही हात मागे घ्यायचे, दाबायचं, यात दर नगामागे तीन सेकंद जातात, आणि वरच्या मजल्यावर कोणीतरी बसून ते तीन सेकंद मोजत असतो. म्हणून सुपरवायझरने फिटरला बोलावून सांगितलं होतं, "उजव्या बटणात काहीतरी सारून टाक. दाबलेलं राहिलं पाहिजे. आणि दिसायला नको."

या सुपरवायझरला सगळे मुंडी म्हणत. वरच्यांपुढे ती उभी हलायची, खालच्यांपुढे आडवी.

फिटरने मोडक्या झाडूच्या दांड्यातून पाचर काढली. करवतीने कापली, कानशीने घासली, बटणाच्या कडेला केसभरही फट राहणार नाही अशी बसवली. मग बटणाचाच हिरवा रंग शोधून तिला दोन हात दिले. एक झाली, तशा आठ केल्या. मुंडीने वाकून वाकून पाहिलं आणि म्हणाला, "अरे, कुठाय ती? वा रे पठ्ठ्या! हाताला काय गुण आहे तुझ्या!" त्या दिवशी फिटर घरी जाताना शीळ घालत होता.

आणि अपघातानंतर अर्ध्या तासात, चार नंबरखालचं रक्त अजून पुसायचं होतं तेव्हा, मुंडी त्याच्या कानाशी येऊन म्हणाला, "बाकीच्या सात काढ. लगेच." त्याने काढल्या. हात न थरथरता काढल्या. चार नंबरवरची तेवढी राहिली, ती कंपनीने पुरावा म्हणून पिशवीत घातली. अशी ही गोष्ट. साडूने पाचर बसवली नव्हती. साडूच्या मशीनला पाचर मारून ठेवणारा घरचाच होता.

दुपारी मुंडी हत्यारांच्या कपाटापाशी आला. "उद्या काय सांगणार?"

"जे..."

"तुला काय माहीत आहे?"

फिटरने पाना उचलून कपाटात ठेवला.

"बरोबर. काही माहीत नाही. हेच सांगायचं. तुझा तो साडू आहे, कबूल. पण बाबा, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. आणि त्या सातचं काय केलंस?"

"टाकल्या."

खोटं. सातही पाचरी त्याच्या हत्यारांच्या पिशवीत, तेलकट फडक्यात गुंडाळलेल्या होत्या. एकवीस दिवस तो त्या घरी नेत होता आणि परत आणत होता. भंगाराच्या डब्यापाशी दोनदा थांबला होता. दोन्ही वेळा हात पिशवीत गेला आणि रिकामा बाहेर आला.

संध्याकाळी हॉलमध्ये त्याला बसवेना. खुर्ची बदलली. खिडकी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. खाली कोणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं, फुस् फुस्, त्याचाही त्याला राग आला. बाई बोलायच्या थांबल्या. "पायात स्प्रिंग बसवून आलायस का रे? विचार काय ते."

"एका माणसाची गोष्ट आहे, बाई."

"असणारच. इथे सगळे एका माणसाचीच गोष्ट आणतात. सांग."

त्याने सांगितली. एका माणसाने आठ पाचरी केल्या, दुसऱ्याने करायला लावल्या, एकीपायी तिसऱ्याची बोटं गेली, आणि बाकीच्या सात पहिल्यानेच गुपचूप काढल्या. नाती गाळली, कारखाना गाळला. शेवटी विचारलं, "आत्मा जर अकर्ता आहे, तर त्या पहिल्या माणसाला दोष कसा लागतो? हात त्याचे नाहीत. मन त्याचं नाही. तो तर साक्षी."

पहिल्या रांगेतले एक निवृत्त गृहस्थ मान डोलावून म्हणाले, "उत्तम प्रश्न." अशा लोकांना प्रत्येक प्रश्न उत्तमच वाटतो. त्यांचं त्यात काही जळत नसतं.

बाईंनी खडू खाली ठेवला. "बाकीच्या सात पाचरींचं काय केलं त्या माणसाने? टाकल्या?"

फिटरला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. "नाही."

"का?"

त्याचा हात पिशवीवर गेला. मग खरं तेच तोंडातून निघालं. "चांगल्या झाल्यात, बाई."

हॉलमध्ये कोणी हसलं नाही.

"मग कर्ता जिवंत आहे की," बाई म्हणाल्या. "चांगला धडधाकट आहे. कौतुकाच्या वेळी पाट मांडून बसतो, आणि बोटं तुटली की म्हणतो, मी घरी नव्हतो. अरे, चाळीस वर्षं गणित शिकवलं मी. तुझं उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळतंय, पण हातचा धरला नाहीस. उत्तर जुळलं म्हणून मार्क देईन असं वाटलं? पायरी दाखव."

"पण आत्मा काही करत नाही, हे तुम्हीच..."

"खरंच आहे ते. आजही सांगते, उद्याही सांगेन. पण 'मी केलं नाही' हे म्हणायचा हक्क त्याचा, ज्याला 'मी केलं' म्हणायची भीती उरली नाही. तुझा साक्षी तर मागच्या दाराने पळतोय. आणि एक सांग, बोटं गेली त्या माणसातला साक्षी वेगळा आणि तुझ्यातला वेगळा का? दोन साक्षी असतील तर ते अद्वैत नव्हे रे. ती वाटणी झाली. सुख माझ्या वाट्याला, दुःख त्याच्या."

"मी एका माणसाची गोष्ट..."

"हो, हो. त्या एका माणसाला सांग, उद्या इथे नाही आलास तरी चालेल. जिथे जायचंय तिथे जा."

तो जिना उतरला तेव्हा राग इतका होता की दोन पायऱ्या चुकल्या. म्हातारी स्वतःला समजते काय? घरी पोचेपर्यंत त्याने बाईंशी मनातल्या मनात चार वेळा भांडण केलं आणि चारही वेळा हरला. जेवताना बायकोने वाढलं, पण बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा घरातली भांडी बोलतात. त्याने जेवण अर्धं टाकलं. बसला, उठला, बसला. मी देह नाही. धाड्. गोळी लागू पडत नव्हती.

दुसऱ्या दिवशी अकराला कंपनीच्या ऑफिसात एक लांब टेबल. टेबलामागे बाहेरून आलेले चौकशी अधिकारी, बाजूला टाइप करायला एक बाई, भिंतीला टेकून मुंडी. टेबलावर प्लॅस्टिकच्या पिशवीत हिरवी पाचर. ती इतकी ओळखीची होती की फिटरला वाटलं, आता ती आपल्याला हाक मारेल. साडूचा जबाब आधीच होऊन गेला होता, त्याला दुखतंय म्हणून घरी पाठवलं होतं.

"तुम्ही साक्षीदार," अधिकारी कागद पाहत म्हणाले. "देखभाल खातं. ही वस्तू ओळखता?"

मुंडीने मान हलवली. आडवी.

  फिटरच्या मनाने एका दमात सगळं डोळ्यांपुढून पळवलं: नोकरी, घराचं भाडं, बायकोचा चेहरा, साडूचा चेहरा, आणि मग एक गोड आवाज, म्हण ना, माहीत नाही, तीन शब्दही नाहीत. त्याने आपल्या सवयीप्रमाणे ती जुनी गोळी शोधली, मी मन नाही. आणि गंमत अशी, की आज ती म्हणायची गरजच पडली नाही. मन समोरच चाललं होतं, पत्र्यासारखं खडखडत. भीती होती, चांगली ढळढळीत होती. पण तिच्यावर त्याचं नाव लिहिलेलं नव्हतं. उजेडबिजेड काही पडला नाही. कोणी असं सांगत असेल तर तो पुस्तकं विकतोय. फक्त एवढंच झालं की भीतीने काय सांगितलं ते त्याने ऐकलं, आणि तिचं ऐकलं नाही.

"ही मी केली," तो म्हणाला.

टाइप करणाऱ्या बाईची बोटं थांबली. तिने चष्म्यावरून पाहिलं. "मी म्हणजे कोण?"

"काय?"

"मी म्हणजे कोण? नोंद करायचीय. नुसतं 'मी' लिहून चालत नाही."

चौदा महिने तो हा प्रश्न डोळे मिटून स्वतःला विचारत होता. आज तो त्या बाईने विचारला, कारण तिला रकाना भरायचा होता. फिटरला हसू आलं. अशा जागी, अशा वेळी, चक्क हसू.

"फिटर," तो म्हणाला. "देखभाल खातं. चार नंबरच्या ऑपरेटरचा साडू."

"नातं लिहायला रकाना नाही."

"मग रकान्याबाहेर लिहा. पण लिहा."

"साहेब," मुंडी भिंत सोडून पुढे आला, "हा माणूस ताणाखाली आहे. ध्यानबिन करतो. डोक्यावर परिणाम झालाय. हे असलं काही आमच्या खात्यात..."

फिटरने पिशवीतून तेलकट फडकं काढून टेबलावर सोडलं. सात हिरव्या पाचरी. एक घरंगळत अधिकाऱ्यांच्या पेनापाशी जाऊन थांबली. "आठ प्रेस, आठ पाचरी. यांनी सांगितलं, मी केल्या. अपघातानंतर यांनीच सांगितलं, मीच काढल्या. ऑपरेटरने बटणाला हात लावला नाही. यांनी सांगितलं म्हणून मी सुटत नाही, हेही लिहा. मला नाही म्हणता येत होतं."

मुंडीची मान कुठल्याच दिशेला हलेना.

अधिकाऱ्यांनी एक पाचर उचलली, उजेडात धरली, कडेवरून अंगठा फिरवला. आणि नकळत, कामाचा माणूस काम पाहून बोलतो तसं, बोलून गेले, "सुबक केल्यात."

 जी शाबासकी एकेकाळी त्याला शीळ घालत घरी घेऊन गेली होती, तीच ही. आज ती आली, आणि तिला घ्यायला आतून कोणी उठलं नाही. दार उघडं होतं, आत खुर्चीही होती. बसायला कोणी नव्हतं.

"मग 'साक्षीदाराचा जबाब' हे वरचं खोडायचं का, साहेब?" बाईने विचारलं.

अधिकाऱ्यांनी पाचर खाली ठेवली. "राहू द्या. तेही आहेतच."

साडेबाराला त्याला घरी जायला सांगितलं. पुढचा निर्णय होईपर्यंत गेटच्या आत यायचं नाही. तो बाहेर पडला आणि चालत सुटला. तुम्हाला वाटेल, आता मन शांत झालं. मुळीच नाही. पावलापावलाला मन नवं काही काढत होतं: बायकोला काय सांगू, भाडं, दुसरी नोकरी कोण देणार, पोलीस आले तर. मन बडबडत होतं आणि पाय साडूच्या घराकडे चालले होते. आज फक्त त्या दोघांचं एकमेकांशी जमत नव्हतं, एवढंच.

साडूचं दार उघडंच होतं. तो पलंगाच्या कडेला बसला होता, उजव्या हाताला पांढऱ्या पट्टीचा गोळा. अंगात शर्ट, सगळी बटणं उघडी. ड्रेसिंग बदलायला दवाखान्यात जायचं होतं. धाकटी गाडी बघायला गेली होती.

"फोन आला," साडू मान वर न करता म्हणाला. "खात्यातून. सगळं कळलं."

"हं."

"पाचर तू केलीस."

"हो."

"मला वाटायचं, मुंडीने बाहेरून करून आणल्या. इतक्या बेमालूम होत्या." त्याने पट्टीचा हात मांडीवर घेतला. "एकवीस दिवस माझ्या घरी आलास. सफरचंदं आणलीस. उशाशी बसलास. आणि मला सांगत होतास, देह म्हणजे कपडा आहे, कपडा फाटला म्हणून माणूस फाटत नाही."

साडूने डाव्या हाताने दार दाखवलं. 

"चालता हो."

फिटर वळला. उंबऱ्यापर्यंत गेला. मागे साडू डाव्या हाताने बटणाशी झटत होता. बटण काजापर्यंत जायचं, कापड मागे सरकायचं, बटण निसटायचं. पुन्हा. पुन्हा. श्वास जोरात चालला होता. एक शिवी, दुसरी शिवी.

फिटर परत आला आणि समोर उकिडवा बसला. विचारलं नाही. उजव्या हाताने काजाची कड घट्ट धरली. "ढकल."

"तू हात लावू नकोस."

"एका हाताने होत नाही ते."

"मला सांगतोस?" साडूचे डोळे पेटले. "मला? एका हाताने काम करायला मला कोणी लावलं?"

फिटरने कड सोडली नाही.  "मी."

बाहेर कोणीतरी हॉर्न वाजवत गेलं. साडूने जमिनीकडे पाहिलं, जणू तो शब्द तिथे पडला होता. मग त्याच्या डाव्या हाताने बटण पकडलं. एकाने कापड धरलं, दुसऱ्याने ढकललं. लागलं. दुसरं लागलं. तिसरं.  चौथं लावताना खाली एक काज उरलं आणि बटण संपलं. शर्ट एका बाजूने वर, एका बाजूने खाली.

साडूने खाली पाहिलं. "पहिलंच चुकवलंस, साल्या!"

शब्द दोघांच्या मध्ये लटकत राहिला. बारा वर्षांचं उत्तर फिटरच्या जिभेच्या टोकावर आलं.

"माफ केलेलं नाही," साडू घाईने म्हणाला. "तसलं काही समजू नकोस."

"नाही समजत."

फिटरने चारही बटणं काढली, आणि काजाची कड पुन्हा वरून धरली.